डावीकडची भिंत

१९८५ सालच्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्ये मारिओला मागे जाता येत नाही. चार पावलं येता येतं, पडद्याच्या डाव्या कडेपर्यंत. तिथे न दिसणारी भिंत लागते. पाय हलत राहतात आणि अंग जागचं सरकत नाही. मघाशी ओलांडलेली टेकडी, ज्यावरून उडी मारली तो पाइप, नाणं निघालं ती वीट, सगळं कडेपलीकडे गेलेलं असतं आणि कडेपलीकडे काहीच उरलेलं नसतं. हा खेळ ज्या यंत्रावर चालायचा त्याच्याजवळ काम चालवायला अवघी २ किलोबाइट स्मृती होती. रस्ता आधीपासून पसरून ठेवलेला नव्हता. मारिओ उजवीकडे चालेल तसा तो समोर मांडला जायचा, आणि मांडलेल्यातलं जेमतेम दोन पडद्यांएवढंच लक्षात राहायचं. पुढच्याला जागा हवी म्हणून मागचं पुसलं जायचं.

शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी क्योटोत बसून हा खेळ रचला. सगळा मिळून ४० किलोबाइटचा. आपण सकाळी एकमेकांना पाठवतो ती फुलांची चित्रंसुद्धा त्याहून मोठी असतात. त्यात आठ जगं, प्रत्येकात चार टप्पे, दिवस, रात्र, समुद्र, भुयारं, किल्ले आणि एक हरवलेली राजकन्या. तीन वर्षांनी आलेल्या ‘मारिओ ३’मध्ये मागे फिरायची सोय झाली. मुलांना ती आवडली असणारच. मला मात्र पहिल्या मारिओचा हा कठोरपणा आता फार मोलाचा वाटतो, कारण त्याच्याशी मी बरीच वर्षं भांडलो आहे.

माझं आजोळ मिरजेचं. घराच्या जवळच तंतुवाद्यांची दुकानं. दारात भोपळे टांगलेले, आत कुणीतरी दिवसभर तारा जुळवत बसलेलं. नव्वदच्या दशकातल्या एका मे महिन्यात मामानं पुण्याहून, बुधवारातल्या तपकीर गल्लीतून, व्हिडिओ गेम आणला. निन्टेंडोनं जपानमध्ये १९८३ साली फॅमिकॉम नावाचं यंत्र काढलं होतं, मारिओ चालायचा ते. आमच्यापर्यंत पोचली ती त्याची नक्कल, खोक्यावर ओळखीचं नाव नसलेली, हलक्या प्लॅस्टिकची. आपल्याकडच्या कितीतरी घरांत तो खेळ असाच नकलेच्या रूपात आला, आणि त्यामुळे आमच्या प्रेमात काडीचाही फरक पडला नाही. गेमच्या डबीला आम्ही कॅसेट म्हणायचो, हातात धरायच्या बटणांना रिमोट. अँटेनाची वायर काढून तिथे गेमची वायर लावायची, टीव्हीचं बटण फिरवत फिरवत मुंग्यांतून चित्र शोधायचं. चित्र नाही आलं तर कॅसेट काढून तिच्या दातांत फुंकर मारायची. त्या फुंकरीतल्या ओलाव्यानं दात खराब होतात, असं पुढे वाचलं. तेव्हा ती फुंकर पूजेसारखी गंभीरपणे मारली जायची.

टीव्ही आजीचा होता. कृष्णधवल, शटर लावायचा. शटर सरकवण्याचा मान मामेबहिणीचा, म्हणजे ताईचा. मारिओ दोघांत खेळताना आळीपाळीनं खेळावा लागतो. एक मेला की दुसऱ्याचा चान्स. मी मारिओ घ्यायचो, ताईच्या वाट्याला लुइजी. त्यामुळे एकानं खेळायचं आणि दुसऱ्यानं त्याच्या मरणाची वाट बघत बसायचं, असा तो प्रेमळ आणि निर्दय उद्योग दुपारभर चालायचा. तिसरी बसलेली असायची आजी. समोर सुपात भुईमुगाच्या शेंगा, बोटं आपोआप चाललेली, डोळे टीव्हीवर.

आजी खेळ बघत नव्हती, गोष्ट बघत होती. पहिल्या दिवशीच तिनं विचारलं, “ह्यो एवढा पळतोय कुणासाठी?” राजकन्येला पळवून नेलंय, तिला सोडवायला, असं ताईनं सांगितलं. त्या क्षणापासून आजीच्या लेखी बाकीचं सगळं गौण झालं. नाणी किती, लाइफ किती, कितव्या टप्प्यात आलो, याचं तिला काही नव्हतं. तीनतीन टप्पे पार करून आम्ही किल्ल्यात पोचायचो, पुलाच्या टोकाची कुऱ्हाड पकडायचो, पूल कोसळायचा, राक्षस लाव्ह्यात पडायचा. पुढच्या खोलीत टोपीवाला छोटा सेवक उभा. तो आभार मानायचा आणि राजकन्या दुसऱ्या किल्ल्यात असल्याचं सांगायचा. आठातल्या सात किल्ल्यांत हेच होतं. इंग्रजी वाचून मी सांगायचो, आणि आजी शेंग हातात तशीच धरून म्हणायची, “म्हंजे न्हाईच गावली?”

“न्हाई, आजी.”

“जावा मग पुढं.”

दर वेळी तेवढंच. हळहळ नाही, वैताग नाही. जावा मग पुढं.

ताईला कुणीतरी १-२मधली, म्हणजे पहिल्या जगाच्या दुसऱ्या टप्प्यातली, चोरवाट शिकवली होती. भुयाराच्या छतावर चढायचं, विटांवरून पळत शेवटापर्यंत जायचं, की तीन पाइपांची खोली लागते आणि तिथून थेट चौथ्या जगात. आम्ही ती वाट घेतली की आजीला पटायचं नाही. मधली गावं सोडून कशी काय गेलात, तिथंच असली म्हंजे? तिच्या शोधात गाव गाळणं बसत नव्हतं. चौथ्या जगाच्या सुरुवातीलाच ढगात बसून काटेरी किडे फेकणारा एक जण आहे, लाकिटू त्याचं नाव. आजी त्याला ‘ढगातला मेला’ म्हणायची आणि तो आला की सूप बाजूला सरकवायची. वेळेचा आकडा शंभराच्या खाली गेला की संगीत अधिक घाईनं वाजू लागतं. तेव्हा तिची बोटंही घाईनं चालायची. कोजी कोंडोचं ते संगीत. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं २०२३मध्ये त्याची मूळ धून आपल्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रणांच्या यादीत घेतली, व्हिडिओ गेममधली पहिलीच. मी ती बातमी वाचली आणि मला आधी ऐकू आला तो शेजारच्या दुकानातला तंबोरा, आणि त्याच्यावरून उड्या मारत जाणारी ती टुणटुणीत धून. माझ्या कानात त्या दोन्ही एकाच सुरात लागलेल्या आहेत. कुणी म्हणेल तसं शक्य नाही. असू दे.

आणि एक दिवस आजी म्हणाली, “वर बी झुडपं आणि खाली बी झुडपं, असं कसं?”

आम्ही हसलो. वर ढग होते. ढग आणि झुडूप आम्हांला वेगवेगळे माहीत होते, कारण चौकातल्या दुकानात तासावर पैसे देऊन आम्ही तोच खेळ रंगीत टीव्हीवर खेळलो होतो. ढग पांढरे, झुडपं हिरवी. पुष्कळ वर्षांनी कळलं की आजी बरोबर होती. ढग आणि झुडूप ही एकच आकृती आहे. जागा वाचवण्यासाठी एकदाच काढलेली, वर पांढऱ्या रंगात वापरलेली, खाली हिरव्या. जगभरच्या मुलांना ही गंमत फार उशिरा समजली, कारण रंगानं त्यांचे डोळे झाकले होते. मिरजेतल्या कृष्णधवल टीव्हीसमोर शेंगा फोडणाऱ्या, जन्मात रिमोट हाती न धरलेल्या बाईनं ती बघताक्षणी ओळखली.

आमची मजल ४-४पर्यंत. तो किल्ला चकव्याचा आहे. एक वाट वर जाते, एक खाली. चुकीची धरली तरी मारिओ मरत नाही, पडत नाही, चालतच राहतो. थोड्या वेळानं लक्षात येतं की हा खांब मघाशी येऊन गेला, हा लाव्हाही. तोच तुकडा पुन्हा पुन्हा समोर येत राहतो, वेळ संपेपर्यंत. आम्ही तिथे किती दुपारी घालवल्या! कधी वेळ संपायचा, कधी सातच्या बातम्यांसाठी आजोबा उठवायचे, कधी लाइट जायची. त्या कॅसेटमध्ये खेळ जपून ठेवायची सोय नव्हती. लाइट गेली की सगळं गेलं, परत आली की १-१. काळोखात आजीचा आवाज यायचा, “ऱ्हाऊ द्या. सकाळी गावंल.”

सगळे चान्स संपल्यावर ‘ए’ बटण दाबून धरून ‘स्टार्ट’ दाबलं तर खेळ त्याच जगाच्या पहिल्या टप्प्यापासून सुरू होतो, हेही मला मोठेपणीच समजलं. म्हणजे वीज असेपर्यंत यंत्राच्या लक्षात असायचं आपण कुठवर पोचलो होतो ते. आम्हांला विचारता येत नव्हतं एवढंच. या गोष्टीनं मला का कोण जाणे, फार बरं वाटलं होतं.

मग व्हायचं ते झालं. शाळा बदलल्या, सुट्ट्या आखडल्या, अॅडॉप्टर जळला, सेट माळ्यावर गेला. आजी माझ्या कॉलेजच्या दिवसांत गेली, पावसाळ्यात. कृष्णेवरून परतताना ताई आणि मी एका छत्रीत होतो आणि आमच्यात बोलणं झालं नाही. राजकन्या सापडलेली नव्हती. हे त्या दिवशी मनात येणं पोरकट होतं का, असा प्रश्न मी स्वतःला विचारून बघितला आहे. नाही. ज्या गोष्टीची ती इतक्या निष्ठेनं वाट बघत होती ती अर्धी राहिली, हे दुःख खरंच होतं.

नोकरी लागल्यावर मी तो खेळ पुन्हा मिळवला. आधी संगणकावर, मग फोनवर, मग निन्टेंडो स्विचवर. जुन्या खेळांच्या आठवणीवर आज मोठा व्यापार चालतो. खुद्द निन्टेंडोनं फॅमिकॉमचं उत्पादन २००३मध्ये थांबवलं, २००७मध्ये दुरुस्तीही बंद केली आणि २०१६मध्ये तोच डबा लहान करून पुन्हा विकायला काढला. ते यंत्र ज्यांनी घडवलं ते मासायुकी उएमुरा २०२१च्या डिसेंबरात गेले. वस्तू गेली, कारागीर गेला, तरी तो अनुभव विकत मिळतो असं आपल्याला सांगितलं जातं. मीही घेतला. आणि दर वेळी एकच करत राहिलो. १-१पासून सुरुवात, चोरवाट न घेता, एकेक गाव करत, ४-४पर्यंत. तिथे पोचलो की बंद.

आता मला ती चकव्याची वाट तोंडपाठ होती. वर कुठे जायचं, खाली कुठे उतरायचं, सगळं ठाऊक होतं. तरीही जात नव्हतो. वरवर बघता वेळ नाही, झोप आली, उद्या बघू. खरं कारण उमजायला वेळ लागला. ४-४पर्यंतच्या प्रत्येक विटेवर आजीची नजर पडलेली होती. या पाइपाशी ती ‘जपून’ म्हणायची, या खड्ड्याशी तिनं एकदा डोळे मिटले होते, इथे ढगातला मेला. पाचव्या जगात यातलं काहीच नव्हतं. तिथली जमीन तिनं पाहिलेलीच नव्हती. पुढे टाकलेलं प्रत्येक पाऊल तिच्याशिवायचं असणार होतं, आणि कडेची भिंत सरकत सरकत तिच्या दुपारी गिळत जाणार होती. म्हणून मी त्या किल्ल्यात फिरत राहिलो. मरायचं नाही, पोचायचंही नाही. तोच खांब, तोच लाव्हा. आठवण माणसाला असं धरून ठेवते आणि धरून ठेवल्याचं जाणवू देत नाही, कारण आपण चालतच असतो.

स्विचवर जुन्या खेळांना मागे फिरवण्याची सोय आहे. दोन बटणं एकदम दाबायची, की घडलेलं उलटं घडू लागतं. एका रात्री मी ती वापरून बघितली. मारिओ पाठमोरा न होताच मागे मागे सरकू लागला. पायाखाली चेंगरलेला छोटा शत्रू, गुम्बा, फुगून उभा राहिला, नाणी विटांत परत शिरली, वेळेचा आकडा वाढत गेला. जी भिंत मला लहानपणापासून अडवत होती ती उघडली होती. मला आनंद होईल असं वाटलं होतं, आणि मला ते बघवेना. जे जे केलं ते न केल्यासारखं होत होतं. मारलेल्या उड्या पुसल्या जात होत्या. मागे जाणं म्हणजे पूर्वीच्या जागी पोचणं असं मी धरून चाललो होतो. तिथे पोचायच्या आधी मधलं सगळं जगणं उलटं खरवडून काढावं लागतं, हे मी पडद्यावर डोळ्यांनी पाहिलं. मधल्या जगण्यात माझं लग्न होतं, लेक होती, आजीच्या हातची चव हुबेहूब साधणारी ताईची शेंगदाण्याची चटणी होती. मी यंत्र बंद केलं.

गेल्या वर्षी मिरजेचं घर विकलं. घेणाऱ्यांना तिथे नवं बांधायचं होतं. कागदांवर सह्या झाल्या, मामानं किल्ल्या दिल्या, बसस्टँडपर्यंत आम्ही चालत गेलो. तंतुवाद्यांची दुकानं आहेत, तारा जुळवणं चालू आहे. मामा म्हणाला, आईची खोली पाडतील त्या दिवशी मी इकडे फिरकणार नाही. मी म्हणालो, नको फिरकू.

त्या रात्री पुण्यात परत येऊन मी ४-४ पार केला.

वर, मग खाली, मग पूल, कुऱ्हाड, राक्षस. सेवकानं तेच सांगितलं. माझ्या तोंडून अगदी सहज निघालं, “न्हाई, आजी.” आणि मी ५-१मध्ये शिरलो. पुढचे काही दिवस रोज रात्री, लेक झोपल्यावर, थोडं थोडं. नवख्याच्या हातानं खेळत होतो, कारण इथली एकही उडी बोटांना माहीत नव्हती. तोफेचे गोळे कुठून येतात ते माहीत नव्हतं. फार वेळा मेलो. मजा येत होती, हे सांगायला हवं. दुःखाच्या वाटेवर मजा येईल अशी अपेक्षा नसते.

आणि मग ६-३. बत्तीस टप्प्यांत असा दुसरा नाही. टप्पा सुरू झाला आणि रंग गेले. आकाश काळं, झाडं करडी-पांढरी, सगळा देखावा कृष्णधवल. मला आधी वाटलं, वायर सैल झाली. वायर ठीक होती. तो टप्पा तसाच आहे, १९८५पासून तसाच. फक्त मारिओ लाल. मी हात थांबवला. वेळेचा आकडा उतरत होता आणि मी बघत बसलो. आम्ही जिथवर कधीच पोचलो नव्हतो, आजीनं जे कधीच पाहिलं नव्हतं, ते तिच्या टीव्हीवर दिसलं असतं तसंच दिसत होतं. मागे वळून वळून मी जे शोधत होतो ते पुढे होतं, सहाव्या जगात, न खेळलेल्या भागात. मागच्या वाटेवर ते कितीही वेळा शोधलं असतं तरी सापडलं नसतं.

तेवढ्यात वेळ संपला आणि मारिओ मेला. मी पुन्हा खेळलो, आणि या वेळी न थांबता पार केला.

८-४ हा शेवटचा किल्ला, तोही चकव्याचा. पाइपातून पाइपात, मध्ये पाण्याखालून. शेवटचा राक्षस पडला तेव्हा रात्र बरीच झाली होती. पुढच्या खोलीत सेवक नव्हता. ती उभी होती. आजी, ती गावली. एवढीशी आहे, बोटाच्या पेराएवढी, पण उभी राहते ताठ. जिच्यासाठी तुझ्या कितीतरी सुपं शेंगा फोडून झाल्या तीच ही. तिनं आभार मानले, शोध संपला म्हणाली, आणि त्याच दमात नवी मोहीम सोपवली. बसा, दमला असाल, असं काही नाही. तुझ्यासारखीच निघाली.

दिवाळीत ताई आली. फराळ झाल्यावर मी स्विच टीव्हीला जोडला. जिथे थांबवून ठेवलं होतं तिथून राजकन्या पडद्यावर आली. ताईनं चष्मा लावला, पुढे वाकली आणि आजीच्याच आवाजात म्हणाली, “गावली व्हय शेवटाला?” मग डोळे पुसून झाले, मग हसून झालं, मग ती एकदम ताठ बसली. “नवी मोहीम म्हणजे काय?” मी सांगितलं, सगळं पहिल्यापासून, पण अवघड. गुम्बांच्या जागी टणक पाठीचे भुंगे येतात, त्यांच्यावर आगीचा गोळा चालत नाही.

“दोघांचा लाव,” ती म्हणाली. “आणि या वेळी मारिओ मी.”

मी रिमोट तिच्याकडे दिला आणि मागे सरकून जमिनीवर बसलो. लेक माझ्या मांडीत येऊन बसली आणि तिनं विचारलं, हा का पळतोय? ताई सांगू लागली, सांगता सांगता पळू लागली, आणि पहिल्याच भुंग्याला धडकून मेली.

“हे नवीनच आहे की रे,” असं म्हणत तिनं रिमोट माझ्यापुढे केला.